पिंपातला वास

आयलिव्हची बिअर बिघडली आहे, हे खोऱ्यात सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त आयलिव्हला.

नॉर्वेतल्या वॉसच्या त्या वरच्या अंगाला पिंप उघडायच्या दिवशी कुणी आमंत्रण देत नाही. चूलघराच्या धुराड्यातून धूर दिसून गेला की माणसं आपलं आपण ओळखतात आणि ठरल्या दिवशी दारात येऊन उभी राहतात. मधोमध पातळ भाकऱ्यांची चवड, धुरावलेलं मटण, आणि लाकडी वाडगा एका हातातून दुसऱ्या हातात. आयलिव्हच्या चूलघरातून सरळ रेषेत चालत घरी गेलेला माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. त्या एप्रिलमध्ये मात्र वाडग्याची एक फेरी झाली, दुसरी झाली आणि मग एकेकाला कामं आठवायला लागली. कुणाची मेंढी व्यायला टेकली होती, कुणाच्या ट्रॅक्टरचं चाक बसलं होतं. "छान झालीय हं," असं म्हणत, खांद्यावर थाप मारत सगळे उठले. वाडगा त्याच्याकडे परत आला तेव्हा जवळजवळ भरलेलाच होता.

त्याने तो तोंडाला लावला. कडूपणा हवा तेवढा होता. मागून थोडी गोडी येत होती. आंबटपणाचा मागमूस नव्हता. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर काढलेली बिअर आंबट निघाली होती, तेव्हा ती त्याच्या जिभेनेही पकडली होती. त्यानंतर त्याने पिंप, नळी, हंडा सगळं हिवाळाभर घासून काढलं होतं. आता आंबट काही नव्हतं. मग या लोकांना झालं तरी काय?

हे त्याला ओळखता येत नव्हतं त्याला कारण होतं, आणि ते त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आदल्या वर्षी हिवाळा सरताना त्याला मोठा ताप आला. तापातून उठला तेव्हा नाक गेलं होतं. कॉफीला वास नाही, गोठ्याला नाही, जळत्या लाकडाला नाही. जिभेला कडू, गोड, खारट, आंबट एवढंच कळायचं. बाकी सगळं जेवण म्हणजे कोमट पुठ्ठा. येईल परत, असं म्हणत त्याने उन्हाळा काढला, मग पुढचा हिवाळाही काढला.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर गोष्ट वेगळी. पण आयलिव्हच्या नाकावर सगळं खोरं चालायचं. घरी केलेली बिअर फसली की माणूस बाटली काखेत मारून त्याच्याकडे यायचा. आयलिव्ह नुसता हुंगायचा. "उकळताना झाकण ठेवलं होतंस ना? शिजवलेल्या कोबीचा वास येतोय. वाफ जाऊ द्यायची." किंवा, "लोण्याचा वास येतोय. घाई केलीस. यीस्टवरून लवकर उपसलीस. आणखी थोडं थांबला असतास तर त्यानेच ते खाऊन टाकलं असतं." किंवा, "ओला पुठ्ठा. भरताना हवा गेली. नळी तळापर्यंत सोडत जा." आणि तो कधी चुकत नसे. अशा माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचं, की माझ्यापुढे डिझेल ठेवलंत आणि बिअर ठेवलीत, तरी मला फरक कळणार नाही?

लोक गेल्यावर त्याने एक बाटली भरली आणि सीवर्टकडे निघाला.

सीवर्ट त्याचा शाळेपासूनचा दोस्त. आयुष्यभर दोघांनी एकाच हंड्याखाली लाकडं सारली होती. बायको गेल्यावर सीवर्टने स्वतःची बिअर काढणं सोडलं, पण आयलिव्हच्या चूलघरातली त्याची जागा सुटली नव्हती. आता त्याच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. इस्पितळात मरायचं नाही म्हणून तो घरी आला होता. तळ्याकडच्या खिडकीशी त्याची खाट लावली होती आणि मुलगी मागन्हिल शहरातलं काम सोडून त्याच्यापाशी राहिली होती.

"आणलीस?" सीवर्टने विचारलं. आवाज बारीक झाला होता, पण डोळे लकाकले.

मागन्हिलने त्याला उशीला टेकवून बसवलं. आयलिव्हने पेल्यात ओतलं. सीवर्टने घोट घेतला, तोंडात धरला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मग हळूच मुलीच्या हातातला कागदी रुमाल ओढून घेतला आणि त्यात थुंकला.

"आयलिव्ह," सीवर्ट म्हणाला, "मी अजून मेलो नाही. आत्ताच मसाला भरून ठेवायला लागलास का मला?"

"का? काय झालं?"

"काय झालं म्हणून मला विचारतोस? तू चाखली नाहीस?"

"चाखली की."

सीवर्टने पेला त्याच्याकडे सरकवला. "जखमेवरच्या पट्टीची चव आहे ही. ती नर्स येऊन चिकटवून जाते ना, तिची. या खोलीत दिवसभर मी तोच वास खातोय. बिअर मागितली ती त्यातून जरा बाहेर पडावं म्हणून."

आयलिव्हचा हात पेल्यावर तसाच राहिला.

"माल्टचं एक पोतं पडलंय खाली," सीवर्ट म्हणाला. "मीच वाळवून ठेवलेलं, शेवटचं. ते घेऊन जा. मला मरायच्या आधी एक वाडगा दे. बाकीची, जे खांदा देतील त्यांना पाज. पण ही असली नको. ही पाजलीस तर लोक मला खड्ड्यापर्यंतसुद्धा नेणार नाहीत."

मागन्हिलने तोंड फिरवलं. हसली की रडली ते आयलिव्हला कळलं नाही.

घरी आल्यावर त्याने उरलेलं सगळं पिंप उताराच्या गवतात ओतून दिलं आणि चूलघराचं दार लावून घेतलं. मागे कधीतरी एकाच्या बाटलीत त्यानेच ही पट्टीची चव पकडली होती. तेव्हा काय म्हणाला होता? बाहेरचं रानटी यीस्ट शिरलं, असंच काहीतरी. म्हणजे घाण. म्हणजे अजून कुठेतरी घाण उरलीय. गोठ्यात दूध काढायच्या यंत्राच्या नळ्या धुवायला क्लोरीनचा डबा होता. हिवाळ्यापासून तो तेच वापरत होता. या वेळी दुप्पट घेतलं, पिंप काठोकाठ भरून रात्रभर तसंच ठेवलं. तोटी त्यात बुडवली, नळी बुडवली, ढवळायचा दांडा बुडवला. सकाळी पाण्याने खळबळून काढलं. हाताची कातडी सोलवटली, तरी घासत राहिला. बिअरच्या पाण्यात उकळायच्या ज्युनिपरच्या फांद्याही नेहमीच्या उतारावरून न आणता वरच्या रानातून तोडून आणल्या. न जाणो, तिथेच काही किडलं असेल.

सीवर्टच्या माल्टला हात लावायचा धीर झाला नाही. घरचंच थोडं माल्ट घेऊन छोटा घाणा काढला. बिअर तयार झाल्यावर त्याने ती कुत्र्यासमोर बशीत ठेवली. कुत्रं आलं, हुंगलं, नाक पुसत निघून गेलं. पण ते बिअरला नेहमीच तसं करायचं. त्यावरून काही समजत नव्हतं.

बाटली घेऊन तो परत तळ्याकाठी गेला. सीवर्ट औषधाच्या गुंगीत होता. आठवड्यात माणूस अर्धा झाला होता. पांघरुणाखाली काही आहे की नाही असं वाटत होतं.

"मीच बघते, काका," मागन्हिल म्हणाली. स्वयंपाकघरात नेऊन तिने घोट घेतला आणि मोरीत थुंकून नळ सोडला.

"तीच चव?"

"त्याहून वाईट आहे, काका."

"पण मी सगळं धुतलंय. सगळं. तुला कल्पना नाही मी किती..."

"मग तुला घरीच कसं कळलं नाही?" तिने विचारलं. रागाने नाही, तिला खरंच समजत नव्हतं. "एवढी उघड चव आहे. लहान पोरालाही कळेल. बाबांना असं का पाजायला आणतोस तू?"

टोपी घेऊन तो बाहेर पडला.

त्या दुपारी तो चूलघरात जमिनीवर बसून राहिला. विस्तव विझला होता. सीवर्टकडे किती दिवस आहेत ते कुणी सांगू शकत नव्हतं, पण फार नव्हते हे मेंढ्यांनाही कळलं असतं. एवढं साधं मागणं मागितलं होतं माणसाने, एक वाडगा. आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाटल्या हुंगून त्यांना शहाणपण शिकवलं आणि आता आपल्याच घरातला चोर आपल्याला सापडत नाही. हंडा असेल, पाणी असेल, माल्ट असेल, हवा असेल. आंधळ्याने काळं मांजर शोधावं तसं चाललं होतं, आणि मांजर इथेच कुठेतरी पायात घोटाळत होतं. पिंपावर कपाळ टेकवून तो रडला. तरुणपणी बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

दार वाजलं. त्याची बायको राग्ना आत आली.

हे कधी घडलं नव्हतं. राग्ना प्रार्थनाघरातल्या घराण्यातली. तिच्या माहेरी पाच पिढ्यांत कुणी दारूच्या थेंबाला शिवलं नव्हतं. मरणाऱ्या आईला तसा शब्द देऊन ती या घरात आली होती. नवऱ्याच्या बिअरला तिने कधी विरोध केला नाही. पण बिअर चालू असताना चूलघराचा उंबरठा कधी ओलांडलाही नाही.

ती लाकडाच्या ओंडक्यावर बसली. "नाक गेलंय तुझं," ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही.

"गेल्या वर्षीच्या तापापासून गेलंय. मला वाटलं आज सांगशील, उद्या सांगशील. एकदा नासलेल्या सायीची लापशी वाढली तुला. मुद्दाम. तू म्हणालास, वा, आईच्या हातची आठवली."

"मुद्दाम वाढलीस?"

"तुझ्या आईच्या हातची तशीच असायची, म्हणून मला आधी खात्री होईना," राग्ना म्हणाली.

त्याला हसू आलं आणि त्याच हसण्यात परत रडू फुटलं. मग तो सगळं बोलला. पट्टीची चव, सीवर्टचं थुंकणं, मागन्हिलचा प्रश्न. राग्ना ऐकत राहिली.

"मला पिता येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तेवढं मागू नकोस."

"नाही मागत."

"पण वास घेणं म्हणजे पिणं नव्हे. तसं कुठे लिहिलेलं नाही. मी बघितलंय." आणि तिने बाह्या वर सारल्या. "आण इकडे काय काय आहे ते."

एकेक वस्तू तो तिच्यापुढे ठेवत गेला. झऱ्याचं पाणी: काही नाही, दगडाचा गारवा. माल्ट: भाजलेल्या भाकरीसारखं, चांगलं. ज्युनिपर: ठीक. तांब्याचा हंडा: तांबं आणि धूर, आणखी काही नाही. राग्ना घाई करत नव्हती. प्रत्येक वस्तूनंतर दाराशी जाऊन मोकळी हवा घेऊन यायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आयलिव्ह स्वतः तसंच करायचा. ती इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघत होती.

यीस्टची बरणी उघडली तेव्हा मात्र तिचं नाक आक्रसलं. "व्हिनेगर. आणि त्याच्याखाली घोड्याची ओली झूल."

"बघ नीट."

"नीटच बघतेय. हे तुझ्या आजीचं विरजण ना? मेलंय, किंवा दुसऱ्याच कुणीतरी घर केलंय त्यात."

क्वाइक म्हणतात त्याला तिकडे. दह्याला विरजण राखावं तसं घराण्याने राखलेलं यीस्ट. दर वेळी बिअरच्या तळाचं काढून ठेवायचं, पुढच्या वेळी तेच घालायचं. म्हणजे एका घाण्यात घुसलेली घाण पुढच्या प्रत्येक घाण्यात जाणार. फ्रीजमधल्या बाकीच्या बरण्याही त्याने आणल्या. सगळ्यांना तोच वास.

तोटीपाशी तिला तोच व्हिनेगर पुन्हा लागला. आयलिव्हने कोयत्याने लाकडी तोटी उभी चिरली. आत केसाएवढी भेग होती आणि तिच्या कडेने काळं बुरसट काहीतरी पार आतवर गेलं होतं. पहिला आंबटपणा इथून आला होता; ताज्या बिअरमध्ये तो अजून जिभेला कळण्याएवढा चढला नव्हता, एवढंच. हे समजलं. पण पट्टीची चव? ती अजून सापडली नव्हती.

राग्नाने पिंपात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. डोळ्यांना पाणी आलं होतं.

"काय आहे?"

"पोहायच्या तलावासारखा वास. तुला खरंच येत नाही?" मग ती थांबली. त्याच्याकडे वळली, त्याचा हात धरला आणि नाकाशी नेला. सोलवटलेली बोटं, तळवा, मनगट. "तुझ्या हातांनाही तोच आहे. बाहीला आहे. अरे, हिवाळ्यापासून तुझ्या उशीलासुद्धा येतोय. मला वाटायचं गोठ्यातलं काम वाढलंय."

आयलिव्ह हात तिच्या हातात ठेवून तसाच उभा राहिला. मग त्याला सगळं एकदम दिसलं. क्लोरीन. लाकूड पितं, पाण्याने खळबळून ते निघत नाही. आणि माल्टचा काढा त्याला भेटला की त्याच चवीचं विष तयार होतं, दवाखान्याच्या पट्टीचं. त्याला हे माहीत होतं. नाक शाबूत असताना डबा उघडताक्षणीच तो म्हणाला असता, हे लाकडाला लावू नका. घाण काढायला तो जेवढं घासत होता, तेवढा स्वतःच्या हाताने बिघाड आत भरत होता. जेवढा जीव तोडून धुतलं, तेवढी बिअर वाईट झाली.

"मीच," तो म्हणाला. "मीच करत होतो."

"हो," राग्ना म्हणाली. "हात धू आता. साध्या साबणाने."

पिंप जाळायला काढलं. बापाने केलेलं पिंप होतं, पण त्याच्यावर आता भरवसा राहिला नव्हता. त्याऐवजी राग्नाने माळ्यावरून दुधाचे जुने स्टीलचे कॅन उतरवले. स्टील काही पीत नाही. नवी नळी आणली. सगळं उकळत्या ज्युनिपरच्या पाण्याने धुवायचं, पूर्वी आयलिव्हची आई धुवायची तसं, आणि दुसरं काही वापरायचं नाही. पण यीस्ट नव्हतं. दुकानातल्या पुडीची बिअर होते, पण ती या खोऱ्यातली बिअर होत नाही, आणि सीवर्टला ती चालली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सीवर्टच्या खाटेशी बसला आणि त्याला सांगितलं. पोटातून दगड उपसावा तसं एकेक वाक्य बाहेर आलं.

सीवर्टचे डोळे मिटलेले होते. आयलिव्हला वाटलं झोपला. मग पांघरूण हललं. तो हसत होता.

"नाक गेलंय होय," सीवर्ट कुजबुजला. "मला वाटलं अक्कल गेली. नाक चालेल."

"सीवर्ट, विरजणही गेलं. सगळ्या बरण्या."

"तुझ्या आजीने माझ्या आईला दिलेलं आहे की." त्याला दम लागला. "माळ्यावर. मागन्हिल. पेटाऱ्यामागे बघ. जुन्या तागाच्या कापडात."

मागन्हिलने शोधून आणलं. लाकडाच्या छोट्या तुकड्यांची कडी होती, हाराएवढी, आणि तुकड्यांच्या फटींत वाळलेलं तपकिरी काहीतरी चिकटलेलं. सीवर्टची बायको गेली त्या साली वाळवून ठेवलेलं विरजण. त्यालाही किती वर्षं झाली होती. जिवंत आहे की नुसती धूळ, देवाला ठाऊक.

राग्नाने माल्टचा थोडा काढा उकळून अंगाएवढा कोमट केला, त्यात ती कडी बुडवली आणि बरणी शेगडीजवळ ठेवली. आयलिव्ह समोर स्टुलावर बसला. दिवसभर काहीच झालं नाही. संध्याकाळी फोन आला. सीवर्ट आता गिळत नाही, असं मागन्हिल म्हणाली. आयलिव्ह जेवला नाही. राग्नाने त्याला झोपायला पाठवलं, तर तो अंथरुणात उताणा पडून राहिला, आढ्याकडे बघत.

पहाटे राग्नाने त्याला हाक मारली नाही. ती फक्त बरणी घेऊन खोलीत आली आणि कापड बाजूला करून तिच्यावर वाकली.

"संत्र्याची साल," ती म्हणाली. "नाताळात आपण शेगडीवर टाकतो ना, तशी. व्हिनेगर नाही. झूल नाही. नुसती संत्र्याची साल."

आयलिव्हने बरणी घेतली. त्याला कसलाच वास नव्हता. त्याने ती कानाला लावली. आत बारीक सळसळ चालली होती, पावलाखाली भुसभुशीत बर्फ दबावं तशी. तो बराच वेळ कान लावून बसला.

त्याच दिवशी सीवर्टचं पोतं फोडलं. राग्ना सकाळपासून संध्याकाळपर्यंत चूलघरात उभी होती, डोक्याला रुमाल बांधून, आणि प्रार्थनाघरातली एक बाई रस्त्यावरून जाताना थबकून बघत राहिली तेव्हा राग्नाने तिला हात करून खुशाली विचारली. आयलिव्हचे हात आणि राग्नाचं नाक. तो काढा गाळायचा, ती वाकायची. तो झाकण उघडं ठेवून उकळायचा, ती म्हणायची, कोबी नाही. तो थंड करायचा, ती नळीचं तोंड हुंगायची. रक्ताएवढं कोमट असतानाच यीस्ट सोडलं, कॅनला पांघरुणं गुंडाळली आणि वाट बघत बसले. यीस्ट चांगलंच भुकेलं होतं. फेस झाकणाला लागला.

घाई करून उपसायची नाही, हे त्यानेच लोकांना शिकवलं होतं. आता तळ्याकाठून येणारा प्रत्येक फोन तो धावत जाऊन घ्यायचा, आणि तरी तो कॅनला हात लावत नव्हता. लोण्याची चव नको. अर्धवट नको. राग्ना दर थोड्या वेळाने हुंगायची आणि मान हलवायची: अजून नाही. अजून नाही. तो अंगणात चकरा मारायचा. एकदा तो ओरडला तिच्यावर, "तो मरतोय आणि तू वास घेत बसलीस." राग्ना पुन्हा कॅनवर वाकली. थोड्या वेळाने तो आत येऊन तिच्याशेजारी बसला.

"आता," ती म्हणाली तेव्हा उजाडलं होतं.

त्याने बाटली भरली आणि तिच्याकडे बघितलं.

"नाकाला चांगली आहे," राग्ना म्हणाली. "पण ती पट्टीची चव तोंडात गेल्यावर मागून येते म्हणालास ना. ते मला सांगता येणार नाही, आयलिव्ह."

"माहीत आहे."

"शब्द दिलेला आहे."

"माहीत आहे म्हणालो ना." त्याने तिच्या रुमालावर ओठ टेकवले आणि गाडी काढली.

सीवर्टचा श्वास खोलीबाहेरूनच ऐकू येत होता. थांबून थांबून येणारा, घरघरता. तो डोळे उघडत नव्हता. मागन्हिल कांडीला लावलेल्या स्पंजने त्याचे ओठ ओले करत होती.

"आता पाणीसुद्धा जात नाही, काका," ती म्हणाली.

आयलिव्ह बाटली हातात धरून उभा राहिला. उशीर झाला होता, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने केला होता.

मागन्हिलने त्याच्या हातातून बाटली घेतली. वाडग्यात ओतली. आधी तिने स्वतः घोट घेतला. आयलिव्ह तिच्या तोंडाकडे बघत होता. आयुष्यात कुठल्याच चेहऱ्याकडे त्याने असं बघितलं नव्हतं. तिने गिळलं. थोडी थांबली. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि आयलिव्हने बाटलीकडे हात नेला, पण ती रडत होती.

"हीच ती," ती म्हणाली. "मी लहान असताना नाताळात बाबा बोट बुडवून चाटवायचे, ती."

तिने स्पंज वाडग्यात बुडवून सीवर्टच्या ओठांवरून फिरवला. काही झालं नाही. परत फिरवला. या वेळी जिभेचं टोक बाहेर आलं, ओठांवरून गेलं, आणि तोंड थोडं उघडं राहिलं. तिने पुन्हा लावलं. त्याला चव कळली की नुसता ओलावा, हे सांगायला तो उरला नव्हता. आयलिव्हने नंतर खूपदा विचार केला त्यावर आणि कधीच ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सीवर्ट गेला.

दफन झाल्यावर लोक सीवर्टच्या कोठारात जमले. कॅन उघडले. राग्नाने कॉफी आणि भाकऱ्यांची बाजू सांभाळली. वाडगा फिरला, पुन्हा फिरला, आणि कुणाला मेंढ्या आठवल्या नाहीत. खांदा दिलेल्यांत पलीकडच्या शेतातला आर्व्ह होता. कोठारात जरा आवाज चढल्यावर आयलिव्ह उभा राहिला.

"एप्रिलमध्ये माझ्याकडे जी प्यायलात," तो म्हणाला, "ती घाण होती. मला कळलं नव्हतं. माझं नाक गेलंय. वर्षावर झालं."

वाडगा ज्याच्या हातात होता त्याने तो खाली ठेवला.

"तुम्ही का नाही बोललात?"

आर्व्ह खाली बघत म्हणाला, "तुझ्यापुढे काय बोलणार? तू म्हणालास चांगली, तर आम्हाला वाटलं आमचीच तोंडं बिघडली. घरी जाऊन मी दोनदा दात घासले."

कुणीतरी खिदळलं, आणि मग सगळेच हसले. आयलिव्हही. "पुढच्या वेळी तोंडावर सांगायचं," तो म्हणाला. "माझ्या वाडग्यात थुंकलात तरी चालेल."

तो आर्व्हच्या शेजारी बसला. स्वतः घोट घेतला: कडू, थोडी गोड. एवढंच.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे कशी?"

आर्व्ह विचारात पडला. त्याने आणखी एक घोट घेतला, डोळे बारीक केले, डोकं खाजवलं. "म्हणजे... बिअरसारखी," तो म्हणाला.

आयलिव्हने मान हलवली, वाडगा त्याच्याकडून घेतला आणि पलीकडे मागन्हिल बसली होती तिच्यापाशी जाऊन बसला. "तू सांग," तो म्हणाला. "सावकाश सांग. पहिल्या घोटापासून."